यंत्र येण्यापूर्वीची तयारी

(उचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर येथे ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय अधिकारी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परदेशातून मागविलेले उत्पादनयंत्र बसविण्यासाठी कारखान्याची जागा कशी सिद्ध करावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. वरवर पाहता हा विषय अभियंत्यांचा आणि कारखानदारांचा वाटेल. तो ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे का मांडावयाचा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे, की यंत्राचे खोके बंदरावरून निघाले तरी शेवटी ते गावच्या रस्त्यावरून, गावच्या मोरीवरून आणि गावच्या विजेच्या तारांखालून कारखान्यात पोचते. ज्या मातीवर ते उभे राहते ती गावची असते आणि ते चालविणारे हात पुष्कळदा गावच्याच शाळेतून पुढे गेलेले असतात. यंत्राची अचूकता परदेशातील कारखान्यात ठरते हे खरे. परंतु ती अचूकता येथे टिकेल की नाही, हे यंत्र येण्यापूर्वीच्या काही महिन्यांत आपण काय केले यावर अवलंबून असते.

ही तयारी अपुरी राहिली म्हणजे काय होते, याचा हिशेब प्रथम करू. समजा, एखाद्या मध्यम कारखानदाराने दोन कोटी रुपयांचे यंत्र कर्ज काढून मागविले आणि व्याजाचा दर दरसाल दहा टक्के आहे. वर्षाचे व्याज वीस लाख रुपये झाले. म्हणजे यंत्र खोक्यात पडून असताना दररोज सुमारे साडेपाच हजार रुपये खर्ची पडतात. पाया तयार नाही म्हणून तीन महिने गेले, तर पाच लाख रुपये कोणतेही उत्पादन न होता गेले. बंदरातून माल वेळेत उचलला नाही तर तेथील विलंबशुल्क वेगळेच. यंत्राबरोबर येणारा परदेशी तंत्रज्ञ मोजक्या दिवसांसाठी येतो. जागा तयार नसेल तर तो परत जातो आणि पुन्हा येण्याचा खर्च मागतो. या तारणात अनेकदा घर आणि शेतजमीन असते, हे आपणांस सांगावयास नको. ज्या तरुणांना त्या यंत्रावर काम मिळावयाचे असते, त्यांचेही महिने वाया जातात.

आपला वारसा

आधी वाट, मग यंत्र, हा क्रम कोल्हापूरला नवा नाही. कोल्हापूर–मिरज लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्यानंतर पंधरा वर्षांनी, १९०६ साली, राजर्षी शाहू महाराजांनी शाहू मिलची स्थापना केली. त्या काळी सूतगिरणीची यंत्रसामग्री प्रामुख्याने इंग्लंडमधून येत असे. अशी अवजड सामग्री कोल्हापुरापर्यंत आणण्याचा मार्ग गिरणीच्या आधी तयार होता. शेजारच्या औंध संस्थानात १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडल रोड स्थानकाजवळच्या खडकाळ माळावर कारखाना उभारला. त्या ठिकाणी निवडुंग काढून जमीन साफ करणे, पाण्याची सोय करणे आणि माणसांच्या राहण्याची व्यवस्था लावणे ही कामे नांगर तयार करण्याइतकीच महत्त्वाची होती. लोहमार्गाची जवळीक हा त्या जागेचा मोठा गुण होता.

पुढे शिवाजी उद्यमनगरातील कारागिरांनी तेलावर चालणारी इंजिने दुरुस्त करता करता त्यांचे सुटे भाग बनविले आणि त्यातून कोल्हापूरचा यंत्रउद्योग व ओतकामाचा धंदा वाढला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १ ऑगस्ट १९६२ रोजी झाली. त्यानंतर शिरोली, गोकुळ शिरगाव आणि अलीकडे कागल-हातकणंगले येथे औद्योगिक वसाहती झाल्या. घाटगे-पाटील इंडस्ट्रीजसारखा ओतकामाचा मोठा कारखाना तर उचगावच्याच पत्त्यावर आहे. कोल्हापूरच्या मिस्त्रीचे कौशल्य असे, की यंत्र उघडून पाहिले म्हणजे त्याचे मर्म त्याच्या हाती येते. मात्र आजचे संगणकनियंत्रित यंत्र किंवा स्वयंचलित साचायंत्र उघडून पाहण्यापूर्वीच त्याच्याविषयी पुष्कळ गोष्टी ठरवाव्या लागतात. येथे हाताच्या कौशल्याला आराखडावाचनाची जोड हवी.

आराखडा प्रथम, यंत्र नंतर

मागणी निश्चित झाली, की यंत्र बनविणारी कंपनी पायाचा आराखडा पाठविते. त्यात यंत्राचे वजन, ते चालू असताना पायावर येणारा भार, बोल्टांच्या जागा, विजेच्या व पाण्याच्या वाहिन्यांचे चर आणि यंत्राभोवती मोकळी ठेवावयाची जागा दाखविलेली असते. या कागदाकडे पाहताना तीन गोष्टी कटाक्षाने तपासाव्या. पहिली, हा आराखडा प्राथमिक आहे की अंतिम. प्राथमिक आराखड्यावर खोदाई सुरू केली आणि अंतिम आराखड्यात बोल्टाची जागा दहा सेंटिमीटर सरकली, तर काँक्रीट फोडण्यावाचून गत्यंतर नसते. दुसरी, मापे मिलिमीटरमध्ये आहेत की इंचांमध्ये. तिसरी, यंत्राची दिशा. कच्चा माल कोठून येणार, तयार माल कोठे जाणार, देखभालीसाठी दार कोणत्या बाजूला उघडणार, हे प्रत्यक्ष जमिनीवर चुन्याने आखून पाहावे. कागदावर प्रशस्त वाटणारी जागा चुन्याच्या रेषांत उभे राहिल्यावर अपुरी ठरते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो.

याच वेळी कारखान्याच्या दाराचे माप घ्यावे. चाळीस फुटी पेटाऱ्याच्या दाराची आतली रुंदी जेमतेम दोन मीटर चौतीस सेंटिमीटर असते. त्यापेक्षा रुंद यंत्र उघड्या फलाटावर येते आणि मग कारखान्याचे दार त्याला पुरे पडत नाही. ज्या बाजूने यंत्र आत घ्यावयाचे, त्या बाजूची भिंत यंत्र आत येईपर्यंत बांधू नये, हा गवंड्यांचा जुना शहाणपणा आजही उपयोगी पडतो.

काळी माती आणि पाया

पंचगंगेच्या खोऱ्यात बहुतेक ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण असा क्रम आढळतो. ऊस चांगला येतो तो या काळ्या मातीमुळे. पण यंत्राच्या पायाला हीच माती वैरी ठरते. पावसाळ्यात ती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. घराच्या भिंतीला यामुळे तडा गेला तर तो लिंपता येतो. परंतु एक मीटर लांबीत दोन-शतांश मिलिमीटर इतका फरक दाखविणाऱ्या पाणसळीने जे यंत्र समतल केले, ते या मातीवर एका पावसाळ्यात कलते आणि मग त्यावर घडलेला प्रत्येक भाग तपासणीत नापास होतो.

म्हणून चाचणीसाठी खड्डे घेणे ही पहिली पायरी होय. मुरमाची खोली एका शेतात एक मीटरवर तर शेजारच्या शेतात तीन मीटरवर असू शकते. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. काळी माती पूर्णपणे काढून घट्ट मुरमापर्यंत जावे. भराव करावा लागला तर मुरमाचे पातळ थर देऊन, प्रत्येक थरावर पाणी मारून व रोलर फिरवून तो दाबावा. खोल खड्ड्यात पावसाळ्यात पाझर येतो. साचायंत्रासारख्या यंत्रांचे खड्डे तर बरेच खोल असतात. तेथे जलरोधक काम आणि पाणी उपसण्यासाठी एक लहान कुंड आरंभीच आराखड्यात हवे. मागाहून ते करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे.

पायाचे वजन किती असावे, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. पाच मीटर लांब, तीन मीटर रुंद व दीड मीटर खोल अशा पायात साडेबावीस घनमीटर काँक्रीट मावते आणि त्याचे वजन पंचावन्न टनांच्या आसपास जाते. ही सामग्री उगाच वाया जाते असे काहींना वाटते. झोपाळ्याचे उदाहरण घेतले म्हणजे तिचे प्रयोजन कळेल. झोपाळ्याला त्याच्या लयीत हलका धक्का देत राहिले, तरी तो उंच उंच जातो. यंत्राची फिरण्याची गती आणि जमिनीसह पायाची स्वाभाविक कंपनगती एकमेकींशी जुळली, की पायाही तसाच डोलू लागतो. दर मिनिटाला पंधराशे फेरे घेणारे यंत्र दर सेकंदाला पंचवीस धक्के देते. या गतीपासून पायाची कंपनगती दूर ठेवण्यासाठी त्याचे वजन, आकार आणि खालच्या मातीचा गुण यांचा मेळ घालावा लागतो. यासाठी भारतीय मानक २९७४ उपलब्ध आहे. त्याचा पहिला भाग मागे-पुढे चालणाऱ्या यंत्रांविषयी आणि दुसरा भाग हातोड्यासारख्या आघात करणाऱ्या यंत्रांविषयी आहे. हे गणित जाणकार स्थापत्य अभियंत्याकडून करून घ्यावे. अंदाजावर सोडू नये. यंत्राचा पाया शेडच्या खांबांच्या पायापासून आणि सभोवतालच्या फरशीपासून मोकळा ठेवावा आणि मधल्या फटीत लवचीक पदार्थ भरावा, म्हणजे एका यंत्राचे हादरे दुसऱ्याला पोचत नाहीत.

काँक्रीट एका दमात ओतले पाहिजे. निम्मे आज व निम्मे उद्या ओतल्यास मध्ये सांधा राहतो आणि पाया तेथे दुबळा होतो. त्यासाठी खडी, वाळू, सिमेंट, पाणी, मिक्सर आणि एक जादा मिक्सर यांची आदल्या दिवशीच खातरजमा करावी. त्यानंतर किमान सात दिवस सतत पाणी मारावे. गोणपाट ओले ठेवणे हा साधा उपाय उत्तम. काँक्रीटची ताकद अठ्ठावीस दिवसांच्या चाचणीवर मोजतात. म्हणून यंत्र पुढच्या आठवड्यात येणार असताना या आठवड्यात पाया भरणे हा स्वतःचीच फसवणूक करण्याचा प्रकार होय.

बोल्टांसाठी ठेवलेले खळगे ओतकामापूर्वी स्वच्छ धुवावेत. यंत्र पाचरींवर ठेवून पाणसळीने समतल करावे, मग न आकसणारे भराव-मिश्रण ओतावे आणि ते पुरते घट्ट झाल्यावरच नट आवळावेत. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप ज्या प्रदेशाने अनुभवला, तेथे उंच व निमुळत्या यंत्रांचे बोल्ट ही केवळ औपचारिक बाब मानता येणार नाही.

वीज, हवा, पाणी आणि ऊन

परदेशी यंत्राच्या विजेची पाटी प्रथम वाचावी. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची असते. अमेरिकेत ती साठ आवर्तनांची असते आणि जपानात काही भागांत पन्नास तर काही भागांत साठ. साठ आवर्तनांसाठी बनविलेली मोटार पन्नासवर जोडली, तर तिची गती एक-षष्ठांशाने घटते आणि दाब तोच ठेवला तर ती अधिक तापते. जपानी यंत्रे पुष्कळदा दोनशे व्होल्टवर चालतात. आपला तीन फेजांचा पुरवठा त्याच्या जवळपास दुप्पट दाबाचा आहे. त्यासाठी वेगळे रोहित्र लागते आणि ते यंत्राच्या आधी येऊन जोडून तयार असावे. वाढीव वीजभाराची मागणीही खूप आधी करावी, कारण नवीन रोहित्र व वाहिनी उभारावयाची झाल्यास वेळ लागतो.

अर्थिंगकडे आपल्याकडे दुर्लक्ष होते. या कामासाठी भारतीय मानक ३०४३ आहे. अर्थिंगचा विरोध पावसाळ्यात, ओल्या मातीत मोजला तर तो कमी भरतो आणि समाधान वाटते. तो भर उन्हाळ्यात, माती सुकलेली असताना मोजावा. त्या वेळी मिळणारा आकडाच खरा. संगणकनियंत्रित यंत्राच्या बाबतीत सदोष अर्थिंग म्हणजे अकारण बंद पडणे, आणि कामगाराच्या बाबतीत ते प्राणावर बेतू शकते.

दाबाची हवा कोरडी हवी. कोल्हापूरच्या पावसाळी हवेत बाष्प अधिक असल्याने वाळवणीयंत्राशिवाय नळ्यांत पाणी साचते व झडपा गंजतात. शीतकरणाचे पाणी जड असेल तर नळ्यांत क्षार बसतो. त्याची चाचणी आधी करून घ्यावी. ओतकामाच्या वाळूची धूळ मोजमापाच्या किंवा कातकामाच्या सूक्ष्म यंत्राजवळ मुळीच येता कामा नये. ऊनही विसरू नये. पोलादाची एक मीटर लांब पट्टी दहा अंश तापली, की सुमारे एक-दशांश मिलिमीटरने वाढते. अचूक मोजमापाचे प्रमाण तापमान वीस अंश सेल्सिअस मानलेले आहे. पश्चिमेच्या खिडकीतून दुपारचे ऊन यंत्राच्या एका अंगावर पडत असेल, तर सकाळचा आणि संध्याकाळचा माल सारखा निघणार नाही. खिडकीला पडदा लावणे स्वस्त. नापास झालेला माल महाग.

बंदर ते उचगाव

आता आपण सर्वांच्या थेट अखत्यारीतील विषयाकडे येऊ. जवाहरलाल नेहरू बंदरात उतरलेले यंत्र पुणे, खंबाटकी घाट, सातारा, कऱ्हाड असा प्रवास करून राष्ट्रीय महामार्गाने कोल्हापूरला येते. या शेकडो किलोमीटरांत रस्ता मोठ्या वाहनांसाठीच बांधलेला आहे. अडचण येते ती महामार्ग सोडल्यानंतरच्या शेवटच्या एक-दोन किलोमीटरांत. उंच पेटारा जवळजवळ दोन मीटर नव्वद सेंटिमीटर उंचीचा असतो. वाहनाच्या फलाटासह त्याचा माथा जमिनीपासून सव्वाचार मीटरच्या आसपास किंवा त्याहून वर जातो. गावच्या स्वागतकमानीची उंची, झाडांच्या फांद्या, लोंबत्या तारा, वळणावरचा ओटा, गटारावरची फरशी आणि ओढ्यावरची जुनी मोरी, यांपैकी एकही गोष्ट पुरेशी नसेल तर लाखो रुपयांचे यंत्र गावच्या वेशीवर अडकते.

अशा वेळी उत्साही माणसे बांबूने तारा उचलून वाहन पुढे काढतात. हे कदापि होऊ देऊ नये. वीज वितरण कंपनीच्या संबंधित कार्यालयास आधी लेखी कळवून, ठरलेल्या वेळी पुरवठा बंद करूनच वाहन न्यावे. माझी ग्रामपंचायत सदस्यांना विनंती आहे, की ज्या गावाच्या शिवारात कारखाने आहेत, तेथील रस्त्यांची एक साधी नोंदवही ठेवावी. कोणत्या मोरीवर किती भार चालेल, कमानीखाली किती उंची मोकळी आहे, सर्वांत खाली लोंबणारी तार कोठे आहे आणि लांब वाहन कोणत्या चौकात वळू शकते, एवढी चार माहितीची पाने पुरेत. नवीन कमान किंवा मोरी बांधताना हीच माहिती उपयोगी पडेल. अग्निशामक बंबालाही त्याच रस्त्याने जावयाचे असते.

हंगामाचाही विचार हवा. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. तेथे इशाऱ्याची पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट आहे. शिरोलीजवळ पुणे–बेंगळुरू महामार्ग काही दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्येही महापुराने तो बंद पडला. जहाजाचे वेळापत्रक आपल्या हाती नसते. परंतु यंत्र जुलै-ऑगस्टमध्ये येणार नाही अशा बेताने मागणीची तारीख ठरविणे आपल्या हाती असते.

खोके उतरविताना

यंत्राच्या खोक्यावरील खुणा ही एक आंतरराष्ट्रीय चित्रलिपी आहे. पेला म्हणजे नाजूक वस्तू, छत्री म्हणजे पावसापासून जपावे, वर रोखलेले बाण म्हणजे ही बाजू वर, साखळीची खूण म्हणजे येथेच दोर बांधावा. लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह असते. ते लाकूड कीडमुक्त करण्याची प्रक्रिया झाल्याचे दाखविते. काही खोक्यांवर धक्का किंवा कलणे नोंदविणारी लहान पट्टी असते. तिचा रंग बदलला असेल तर पावतीवर सही करण्यापूर्वी तशी नोंद करावी आणि छायाचित्र घ्यावे, नाहीतर विम्याची भरपाई मागताना अडचण येते.

क्रेनच्या पाटीवर लिहिलेले वजन ती नेहमीच उचलू शकेल असे नाही. तिचा हात जितका दूर पसरावा, तितकी तिची ताकद घटते. तिच्या पायांखाली काळी माती असेल तर लाकडी ओंडके व पोलादी पत्रे अंथरावे लागतात. उचललेल्या ओझ्याखाली कोणीही उभे राहू नये, खुणा करणारा माणूस एकच असावा आणि बघ्यांची गर्दी दूर ठेवावी. पहारीने व पाइपांवरून यंत्र सरकविण्यात आपले मजूर वाकबगार आहेत. त्यांच्या हातापायांची बोटे मात्र त्या कौशल्याच्या भरवशावर सोडावयाची नाहीत. जाड तळाचे बूट, शिरस्त्राण आणि घाई न करणारा मुकादम, एवढ्या गोष्टींची सक्ती असली पाहिजे. या कामात झालेल्या अपघाताची किंमत यंत्राच्या कोणत्याही किमतीत बसत नाही.

निर्यातीच्या अटीवर आयातशुल्काची सवलत देणारी निर्यातवृद्धी भांडवली वस्तू योजना १९९० पासून आहे. तिचा लाभ घेणाऱ्या उद्योजकाला यंत्र कारखान्यात प्रत्यक्ष बसविल्याचा दाखला सादर करावा लागतो. म्हणजे जागेची तयारी ही शासनाच्या सवलतीशीही निगडित आहे. खोक्यात पडून असलेले यंत्र शासनाच्या दृष्टीनेही अद्याप आलेले नसते.

गावाचा हक्क

गावाने रस्ता द्यावा आणि गप्प बसावे, असे मी सुचवीत नाही. यंत्र येण्यापूर्वी प्रश्न विचारण्याचा गावाला पूर्ण हक्क आहे. नवीन यंत्राचे हादरे शेजारच्या घरांपर्यंत पोचतील काय? २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रात्रपाळीत ती पाळली जाईल काय? वापरलेली वाळू कोठे टाकणार? पाणी विहिरीतून उपसणार की अन्य मार्गाने आणणार? सांडपाणी कोठे जाणार? ओढ्याचा प्रवाह भरावाने अडणार तर नाही? ही उत्तरे यंत्र बसण्यापूर्वी मिळाली, तर उपाय स्वस्तात होतात. पायाभोवती फट ठेवणे खोदाईच्या वेळी सोपे असते. शेजाऱ्याच्या भिंतीला तडे गेल्यावर आणि वितुष्ट आल्यावर तेच काम अवघड व महाग होते. कारखानदारानेही ग्रामसभेपुढे येऊन आपला आराखडा समजावून सांगावा. त्यात कमीपणा नाही. उलट गावाचा विश्वास हा त्याच्या पायाचाच एक थर आहे.

शाळेचे काम

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना दोन शब्द. नवीन यंत्रासाठी लागणारी पात्रता ऐनवेळी निर्माण करता येत नाही. आराखड्यातील तीन बाजूंची दृश्ये ओळखणे, दशांश अपूर्णांक आत्मविश्वासाने हाताळणे, मिलिमीटरचा शतांश म्हणजे काय याची जाणीव असणे, या गोष्टी इयत्ता सातवी-आठवीतच रुजतात. पाणसळ, ओळंबा आणि गुण्या ही गवंड्याची साधने वर्गात आणावी. शाळेच्या अंगणात चुन्याने एखाद्या यंत्राचा पाया प्रमाणात आखून दाखवावा आणि दोन कर्ण मोजून तो काटकोनात आहे की नाही हे मुलांकडून तपासून घ्यावे. पायथागोरसचा सिद्धांत त्यांना पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

परदेशी यंत्राचे माहितीपुस्तक सहसा इंग्रजीत असते. त्यातील धोक्याच्या सूचना, दैनंदिन तेलपाण्याची यादी आणि यंत्र तातडीने थांबविण्याची रीत यांचे सोपे मराठी भाषांतर करून ते यंत्राजवळ लावावे. या कामी गावातील भाषाशिक्षक आणि कारखान्यातील अभियंता एकत्र बसले, तर दोघांच्याही ज्ञानाचे चीज होईल. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून आलेल्या तरुणांना यंत्र चालू झाल्यावर बोलावण्याऐवजी पायाची खोदाई सुरू होतानाच बोलवावे. ज्याने पाया भरताना पाहिला, बोल्ट उभे करताना हात लावला, त्याला पुढे यंत्रात किंचित थरथर जाणवली तरी ती कोठून येते याचा माग लागतो. परदेशी तंत्रज्ञ परत गेल्यानंतर कारखाना अशाच माणसांवर चालतो.

मित्रहो, यंत्र खरेदी करण्यासाठी पैसा लागतो आणि तो कर्जाने मिळू शकतो. त्यासाठी जागा सिद्ध करण्याला मात्र वेळ, मेळ आणि काळजी लागते. या तिन्ही गोष्टी कोणत्याही देशातून मागविता येत नाहीत. कारखानदाराने आपला आराखडा, अधिकाऱ्यांनी आपली परवानगीची तारीख, वीज वितरण कंपनीने आपली वाहिनी, पंचायतीने आपला रस्ता आणि शाळेने आपली मुले, अशी प्रत्येकाने आपापली बाजू वेळेत पुरी केली, तर जहाजातून आलेले खोके उचगावात उघडेल त्या दिवशी केवळ बोल्ट आवळण्याचे काम उरले पाहिजे. पुढचे यंत्र मागविण्यापूर्वी या सर्वांची एक बैठक बोलवावी आणि तिच्यात तारखा लिहून घ्याव्या, एवढीच माझी आपणांस विनंती आहे.